खडकाच्या गाभ्याचे वर्णन : प्रस्तावना

धरणाची भिंत कोठे उभी करावी, बोगद्याच्या छताला आधार कोठे आणि किती द्यावा, पुलाच्या खांबासाठी खोदाई कोणत्या पातळीवर थांबवावी, या प्रश्नांचा निकाल ज्या कचेऱ्यांत लागतो तेथे प्रत्यक्ष खडक सहसा पोहोचत नाही. पोहोचतो तो खडकाविषयीचा कागद. हिरेजडित बिटाने जमिनीत गोल छेद घेत घेत वर काढलेला, बहुधा साडेपाच सेंटिमीटरांच्या आतबाहेर व्यासाचा, पेटीच्या कप्प्यांत ओळीने मांडलेला दगडाचा गाभा, आणि त्या गाभ्याकडे पाहून कोणा तरुण भूशास्त्रज्ञाने किंवा कनिष्ठ अभियंत्याने उन्हात बसून भरलेला नोंदीचा तक्ता, एवढ्या सामग्रीवर पुढचे सारे नकाशे, अंदाजपत्रके आणि निविदा आधारलेल्या असतात. असे असूनही गाभा काढण्याच्या यंत्रसामग्रीचा जेवढा विचार आपल्याकडे झाला आहे, त्या मानाने तो गाभा वर आल्यावर त्याच्या स्थितीचे वर्णन कसे करावे याचा विचार फारच थोडा झाला आहे, आणि मराठीत तर तो जवळजवळ झालेलाच नाही. प्रस्तुत पुस्तिका ही उणीव दूर करण्याच्या हेतूने सिद्ध झाली आहे, आणि तिच्या कर्त्यांनी मला प्रास्ताविकाचे चार शब्द लिहावयास सांगितले तेव्हा मी ते काम संतोषाने पत्करले.

या विषयाचे गांभीर्य ध्यानी येण्यासाठी एक साधा हिशेब मांडून पाहावा. आपल्याकडील पाया-तपासणीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एन. एक्स. मापाच्या गाभ्याचा व्यास ५४.७ मिलिमीटर, म्हणजे त्याच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे साडेतेवीस चौरस सेंटिमीटर. आता दर तीस मीटरांवर एक याप्रमाणे विंधनविवरे घेतली, तर प्रत्येक विवराच्या वाट्याला नऊशे चौरस मीटर, अर्थात नव्वद लक्ष चौरस सेंटिमीटर जागा येते. म्हणजे जेवढा खडक आपण डोळ्यांनी पाहिला त्याच्या पावणेचार लाखांहून अधिक पट खडकाविषयी आपण अनुमानाने बोलतो. इतक्या तुटपुंज्या पुराव्यावर इतकी मोठी जोखीम उचलावी लागत असताना तो पुरावाच निष्काळजीपणाने नोंदला गेला, तर पुढे कितीही सूक्ष्म गणित केले तरी ते व्यर्थच होय.

गाभ्याच्या वर्णनाचे स्वरूप पंचनाम्यासारखे आहे. पंचाने जागेवर जावे, वस्तू हलवण्यापूर्वी पाहावी, जी ज्या स्थितीत आढळली ती त्या स्थितीत तपशीलवार लिहावी, तारीख घालावी, सही करावी. गुन्हेगार कोण हे ठरवणे त्याच्या अधिकारात नाही, आणि त्याने तसा निर्णय कागदात मिसळला तर तो कागद पुढे कोर्टात टिकत नाही. वर्णनकारानेही ‘खडक पायास योग्य आहे’ असे लिहू नये. खडक कोणता, त्याचा रंग ओला असताना कोणता, कण किती बारीक, कुजण्याची पायरी कोणती, तुकडे किती लांबीचे, ते कोणत्या पृष्ठांवर तुटले आणि त्या पृष्ठांवर काय साचले आहे, हे लिहावे. योग्यायोग्यतेचा निर्णय करणाराला ही कैफियत स्वच्छ मिळाली पाहिजे, कारण गाभा एकदा पेटीतून विस्कटला, पावसात भिजला किंवा गोदामात हरवला, की पुढील पिढीच्या अभियंत्याजवळ त्या कागदाखेरीज दुसरा साक्षीदार उरत नाही.

विद्येचा हा प्रांत तसा फार जुना नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात जिनिव्हा येथील जॉर्ज ओग्युस्त लेशो या घड्याळकाराने पोलादी कड्यावर हिरे बसवून दगडात गोल छेद घेण्याची युक्ती काढली, आणि तेव्हापासून खडकाचा अखंड दांडा वर आणणे शक्य झाले. परंतु त्यानंतर कित्येक दशके गाभ्याचा उपयोग मुख्यत्वे खाणवाल्यांनी, धातुक किती खोलीवर व किती जाडीचे हे समजून घेण्यापुरताच केला. खडक कोणता हे सांगितले की वर्णन संपले, अशी त्या काळची समजूत होती. तो खडक कोणत्या अवस्थेत आहे हा स्वतंत्र प्रश्न आहे, याची जाणीव बांधकामाच्या क्षेत्रात अपघातांनी करून दिली. १२ मार्च १९२८ च्या मध्यरात्रीच्या सुमारास कॅलिफोर्नियातील सेंट फ्रान्सिस धरण फुटून चारशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्यानंतर पायाच्या एका बाजूच्या तांबड्या पिंडाश्माचा तुकडा पाण्याच्या पेल्यात टाकून पाहिला, तेव्हा तो थोड्याच वेळात विरघळून त्याचा गाळ तळाशी बसला. कोरडा असताना तोच खडक हाताला चांगला घट्ट लागे. खडकाचे नाव ठाऊक असणे आणि त्याची प्रकृती ठाऊक असणे यांत किती अंतर आहे, हे त्या पेल्याइतके स्पष्टपणे क्वचितच कोणी दाखवले असेल.

ही प्रकृती आकड्यात मांडण्याचा जो प्रयत्न सर्वांत अधिक रूढ झाला तो अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे डॉन डीर यांचा. १९६० नंतरच्या दशकात त्यांनी असे सुचवले, की निघालेल्या गाभ्याची नुसती एकूण लांबी न मोजता, दहा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब अशा निकोप तुकड्यांचीच बेरीज करावी आणि ती विंधनाच्या त्या टप्प्याच्या लांबीशी शेकड्यात ताडून पाहावी. ‘आर. क्यू. डी.’ या नावाने हा आकडा आज प्रत्येक तक्त्यात स्वतंत्र रकाना अडवून बसला आहे. नव्वदच्या वर तो गेला तर खडक उत्कृष्ट, पंचाहत्तर ते नव्वद असता चांगला, पन्नास ते पंचाहत्तर असता मध्यम, पंचवीस ते पन्नास असता निकृष्ट, आणि त्याखाली अति निकृष्ट, अशी त्याची प्रतवारी आहे. पुढे १९७३ मध्ये बीनियाव्स्की यांनी आणि १९७४ मध्ये नॉर्वेतील बार्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी खडकाच्या वर्गीकरणाच्या ज्या पद्धती मांडल्या, त्या दोहोंतही या आकड्याला स्थान मिळाले, आणि भारतीय मानक संस्थेनेही त्याची रीत आपल्या संहितेत घालून दिली.

परंतु आकडा रूढ झाला की त्याच्या मागचे निरीक्षण सुटते, आणि या पुस्तिकेचा खरा रोख या दोषावर आहे. एक टप्पा डोळ्यांसमोर आणू. दीडशे सेंटिमीटर विंधन झाले आहे आणि पेटीत क्रमाने ३८, २४, १७, ९, ८, १२, ६ आणि ५ सेंटिमीटरांचे तुकडे मांडले आहेत. त्यांची बेरीज ११९, म्हणजे प्राप्ती शेकडा ७९. दहापेक्षा लांब तुकडे चार, त्यांची बेरीज ९१, म्हणजे आर. क्यू. डी. सुमारे ६१, खडक मध्यम. येथे अननुभवी माणूस लेखणी खाली ठेवतो. अनुभवी माणूस नऊ आणि आठचे तुकडे हातात घेऊन एकमेकांना लावून पाहतो. त्यांची तोंडे कणाकणाने जुळतात, तुटलेले पृष्ठ खरखरीत आणि लखलखीत ताजे आहे, त्यावर गंज नाही, माती नाही, चुनखडीचा पापुद्राही नाही. म्हणजे हा तडा निसर्गाचा नव्हे, नळीतून गाभा ठोकून काढताना पडलेला आहे, आणि मोजणीत हे दोन तुकडे सतरा सेंटिमीटरांचा एकच तुकडा धरले पाहिजेत. आकडा ७२ वर गेला. सहा आणि पाचचीही तीच कथा निघाली, तर तो ७९ होतो आणि मध्यम खडक चांगल्या वर्गात जाऊन बसतो. उलट, त्या तोंडांवर मेणासारखा हिरवट लेप किंवा लोखंडी गंजाची पिवळी झाक दिसली, तर ते सांधे पृथ्वीच्या पोटातलेच आहेत, त्यांतून कधीकाळी पाणी वाहिले आहे, आणि ६१ हाच आकडा प्रामाणिक आहे. एकाच पेटीवरून दोन माणसे दोन वर्ग ठरवतात ती बहुधा मोजपट्टीच्या नव्हे, या पाहण्याच्या फरकाने.

आणखी एक गोष्ट याच टप्प्यात दडलेली आहे. दीडशेतून एकशे एकोणीस वजा केले की एकतीस सेंटिमीटर उरतात, आणि ते पेटीत कोठेच नाहीत. पुष्कळशा तक्त्यांत हे न मिळालेले एकतीस सेंटिमीटर प्राप्तीच्या शेकड्यात मुकाट्याने विरून जातात. पण वस्तुतः त्या टप्प्यातील सर्वांत महत्त्वाचा मजकूर कदाचित तोच असतो. घट्ट दगड बिटातून वर येतो, मऊ थर पाण्याबरोबर वाहून जातो. म्हणून पेटीत दिसणारा गाभा ही खडकाची नेहमीच थोडी पक्षपाती निवड असते. हरवलेला भाग कोठला व कसा याचा शोध पेटीत नव्हे, यंत्रावरच्या माणसाजवळ घ्यावा लागतो. परतीचे पाणी कोणत्या खोलीवर तांबडे झाले, कोठे ते वर येईनासे झाले, रॉड कोठे एकाएकी खाली बसला, बिटाचा आवाज कोठे बदलला, हे ड्रिलरला ठाऊक असते आणि पाळी संपली की तो ते विसरतो. वर्णनकाराने त्याच्या वहीची नक्कल तक्त्यात उतरवली नाही, तर तो एक मोठा साक्षीदार विनाकारण सोडून देतो. पुस्तिकेच्या कर्त्यांनी ‘न मिळालेल्या गाभ्याची नोंद’ असे स्वतंत्र प्रकरणच या विषयाला दिले आहे, आणि माझ्या मते संपूर्ण ग्रंथात ते सर्वांत मोलाचे आहे.

महाराष्ट्राच्या बहुतेक भूमीखाली दख्खनच्या लाव्ह्याचे थरावर थर पसरले आहेत, आणि या खडकाने परदेशी पाठ्यपुस्तके वाचून आलेल्या माणसाची फसगत करण्याची जणू शपथच घेतली आहे. काळाभोर, बारीक कणांचा, हातोडा मारला असता खणखणीत वाजणारा घन बेसाल्ट पेटीत मोठा देखणा दिसतो. पण थंड होताना आकसल्यामुळे त्याला सांध्यांनी छेदलेले असते, आणि धरणाच्या पायातून पाणी पळते ते बहुधा या देखण्या दगडातील सांध्यांवाटे. याच्या उलट, वायूच्या बुडबुड्यांनी पडलेल्या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट आणि गारेची खनिजे भरून आलेला, पांढऱ्या-हिरव्या ठिपक्यांचा, दिसायला मऊ असा अमिग्डलॉइडल बेसाल्ट नवख्याला सच्छिद्र आणि दुबळा वाटतो. पण त्या पोकळ्या भरलेल्या असतात आणि त्या थरात सांधे फारसे नसतात, त्यामुळे त्याचे मीटर मीटर लांबीचे अखंड दांडे वर येतात आणि पाणी त्यातून जवळजवळ जात नाही. प्रा. आर. बी. गुप्ते यांच्या अभियांत्रिकी भूशास्त्रावरील पाठ्यपुस्तकाचा आपल्या विद्यार्थ्यांवर जो उपकार आहे तो मुख्यतः हाच, की त्यांनी दख्खनच्या खडकाकडे दख्खनच्याच अनुभवाने पाहावयास शिकवले. दोन लाव्हाप्रवाहांच्या मध्ये कोठे कोठे जो तांबडा मातकट थर सापडतो, ज्याला बांधकामावरची मंडळी रेड बोल म्हणतात, तो पाण्यात मऊ पडतो आणि विंधनात सहज वाहून जातो. वर सांगितलेले एकतीस सेंटिमीटर कित्येकदा त्याचेच असतात.

तथापि अमिग्डलॉइडल बेसाल्टाचे हे गुणगान एका अटीवरच ग्राह्य धरावे. त्याच्या काही प्रकारांत अशी खनिजे असतात, की ती हवेचा, उन्हाचा आणि ओल-कोरडीचा फेरा सोसू शकत नाहीत. विवरातून निघाला त्या दिवशी हातोड्याला दाद न देणारा गाभा काही आठवड्यांनी पेटी उघडावी तो भेगाळलेला, आणि पुढे बोटांनी कुस्करावा असा भुगा झालेला आढळतो. ज्याने पहिल्या दिवशीच पाहिले त्याने ‘निकोप’ लिहिले, ज्याने दोन महिन्यांनी पाहिले त्याने ‘कुजलेला’ लिहिले. दोघांनीही खरेच लिहिले आणि दोघांचेही लिहिणे अपुरेच राहिले. म्हणून वर्णन गाभा निघाल्याबरोबर करावे, त्याखाली तारीख घालावी, आणि काही काळाने त्याच पेट्या पुन्हा उघडून स्थितीतील फरक दुसऱ्या तारखेने नोंदवावा, हा या पुस्तिकेतील नियम सर्वांनी शिरोधार्य मानावा. अशा खडकात पायाची खोदाई झाली तर ती उघडी न ठेवता तत्काळ काँक्रीटने झाकली पाहिजे, ही सूचना अभियंत्याला मिळते ती या दुसऱ्या तारखेच्या नोंदीतूनच.

आर. क्यू. डी.च्या मर्यादाही या ठिकाणी सांगून ठेवणे अवश्य आहे. अकरा अकरा सेंटिमीटरांवर तुटलेला गाभा आणि मीटर मीटर लांबीचा गाभा या दोहोंना तो शंभरच गुण देतो. उभ्या विवराला समांतर असे उभे सांधे त्याच्या गणतीत फारसे येतच नाहीत. सांध्यात निसरडी माती भरली आहे की स्वच्छ दगडाला दगड टेकला आहे, हे तो सांगत नाही, आणि धरण घसरायचे तर ते नेमके त्या मातीवरून घसरते. म्हणून आकड्याच्या रकान्याशेजारी सांध्यांचा कल, त्यांतील अंतर, पृष्ठाचा खडबडीतपणा आणि भरावाची जाडी लिहिण्यास सांगितले आहे. शिवाय विवरात दाबाने पाणी सोडून ते किती जिरते याची जी परीक्षा स्वित्झर्लंडच्या मॉरिस ल्युजॉन यांच्या नावाने प्रसिद्ध आहे, तिचा निकालही त्याच खोलीसमोर लिहावा. गाभा अखंड आणि पाणी मात्र भरमसाट जिरते, अशी विसंगती आढळली, तर त्या विवराची नोंद पुन्हा तपासून पाहावी.

भाषेच्या शिस्तीविषयी दोन शब्द. ‘थोडासा कुजलेला’, ‘बऱ्यापैकी कठीण’, ‘साधारण भेगाळ’ ही विशेषणे लिहिणाऱ्याच्या मनःस्थितीप्रमाणे बदलतात. त्यांच्या जागी ठराविक कसोटी हवी : चाकूने सोलता येतो की नुसता ओरखडा उठतो, भूशास्त्रज्ञाच्या हातोड्याच्या एका घावात फुटतो की अनेक घाव लागतात, मूळ रंग पालटला आहे तो केवळ सांध्यांच्या कडेला की संपूर्ण तुकड्यात. कुजण्याच्या ताज्या खडकापासून मातीपर्यंत सहा पायऱ्या आंतरराष्ट्रीय संकेताने ठरल्या आहेत. त्या पाठ असाव्यात. गाभा धुऊन, ओला करून पाहावा, कारण कोरड्या धुळीखाली रंग आणि सांधे दोन्ही लपतात. मात्र ज्या तुकड्यात माती भरली आहे तो धुण्याआधी पाहावा, नाहीतर पुरावा आपल्याच हातांनी वाहून जातो. पेटीत तुकडे पुस्तकाच्या ओळींसारखे डावीकडून उजवीकडे मांडावेत, प्रत्येक टप्प्याच्या शेवटी खोली लिहिलेला ठोकळा ठेवावा, आणि छायाचित्र ओल्या व कोरड्या अशा दोन्ही अवस्थांत घ्यावे. हे नियम क्षुल्लक वाटतील. पण एकदा उलटा बसलेला तुकडा सांध्याचा कल उलट सांगतो, आणि तो खोटा कल पुढे नकाशावर पक्क्या शाईने उमटतो.

गाभ्याच्या काळजीपूर्वक वर्णनाचे फळ केवळ बांधकामालाच मिळते असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा त्या सपाट पठाराखाली काय आहे हे पाहण्यासाठी तेथे ६१७ मीटर खोल विंधन करण्यात आले. ३३८ मीटर बेसाल्ट, त्याखाली सुमारे आठ मीटर गाळाचे थर आणि मग पुरातन पायाभूत खडक असा क्रम त्या गाभ्याने दाखवला. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने ज्याचे नाव जगभर झाले त्या कोयनेच्या परिसरात पुढे झालेल्या खोल विंधनांत रासाटी येथे सुमारे ९३० मीटरांवर लाव्हा संपून ग्रॅनाइटजन्य खडक लागला. किल्लारीस लाव्ह्याखाली गाळ आहे आणि रासाटीस तो नाही, हे विधान आज कोणीही सहज करतो. पण त्या सीमेवरील गाभा त्या वेळी मीटरामीटराने, न कंटाळता, नीट पाहून लिहिला गेला नसता तर हे विधान करण्याचा अधिकार कोणालाच नसता.

या ग्रंथाच्या कर्त्यांनी आपला अनुभव ठेकेदाराच्या कामगारापासून कार्यकारी अभियंत्यापर्यंत सर्वांना समजेल अशा भाषेत मांडला आहे. बांधकामावर रुळलेले कोअर, रन, बिट, केसिंग हे शब्द त्यांनी उगाच संस्कृतात नेले नाहीत, आणि जेथे मराठीत चांगला शब्द आधीच आहे तेथे परका वापरला नाही, हेही त्यांच्या तारतम्याचे लक्षण आहे. एखाद-दुसऱ्या ठिकाणी माझा त्यांच्याशी मतभेद आहे; विशेषतः तक्त्यात अनुमानासाठी रकानाच ठेवू नये हा त्यांचा आग्रह मला टोकाचा वाटतो. जागेवर बसलेल्या माणसाला जे सुचते तेही कधी कधी मोलाचे असते, आणि ते निरीक्षणापासून अलग, स्पष्ट रेघ ओढून, आपल्या नावाने लिहिण्याची मुभा त्याला असावी. पण हा वाद वाचकांनी आपापल्या कामावर लढवून पाहावा.

पुस्तिका वाचावयाची ती घरी बसून नव्हे, उघड्या पेटीशेजारी, हाताशी पाण्याची बादली, चाकू, मोजपट्टी आणि भिंग घेऊन. तिच्यातील कोणता नियम आपल्या भागातील खडकाला लागू पडला नाही, कोणता थर तिच्यात सांगितल्याहून निराळा वागला, हे जे वाचक पुराव्यानिशी कळवतील त्यांच्या सूचनांना पुढील आवृत्तीत जागा देण्याचे कर्त्यांनी मान्य केले आहे. कोकणातील जांभ्याचे, विदर्भाच्या पूर्वेकडील ग्रॅनाइटाचे आणि सिंधुदुर्गातील पुरातन खडकांचे प्रकरण सध्या त्रोटक आहे. ते भरून काढण्यास त्या त्या भागात काम करणाऱ्या अभियंत्यांनी आणि भूशास्त्रज्ञांनी पुढे यावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.